एक हात काळा

दरवर्षी जानेवारी लागला की हेडाऊ साहेबांचा फोन येतो,
तिरपुडे, इंजिनाला एक हात मारून द्या.
मी ब्रश, टर्पेंटाइन, फाटक्या लुगड्याचे बोळे घेऊन
कडबी चौकातून आत वळतो.
फाटकाशी संत्र्यांची हातगाडी, आत नॅरोगेजचं म्युझियम,
आणि शेडखाली इंजिन,
दोन्हीकडून तोडलेल्या बारा पावलं रुळांवर.

मी साइनबोर्डवाला.
दवाखाने, सराफ, उमेदवार, सगळ्यांची नावं रंगवली.
मग फ्लेक्स आला, आणि माझ्याकडे उरले
दोन शाळांचे फळे आणि हे एक गिऱ्हाईक.

चाकांना लाल, कडेनं पांढरी पट्टी, पितळेला ब्रासो.
झिंगरूजी बोरकुटे बाकावरून बघतात.
ते इंजिनाला ती म्हणतात.
"अशी नटूनथटून कधी चालली नाही बे ते.
आमच्या वक्ती नुसती काजळीच.
अन् घाटात चाक घसरलं का रुळावर रेती सांडत जाये,
म्हैस शेण टाकत जाते तशी."
इतवारीहून फायरमन म्हणून चढायचे.
सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी,
ही नावं ते अशी घेतात
जशी जुन्या सोयऱ्यांची, ज्यांच्याकडे आता जाणं-येणं नाही.

या वर्षी कॅबमधला रंग फुगून सुटला होता.
पत्रीनं खरवडला. हिरवा निघाला. हिरव्याखाली राखाडी,
त्याखाली कसलातरी तांबूस,
माझ्या शेडकार्डात त्याला नाव नाही.
मग लोखंड.
लोखंडावर रेघा.
चार उभ्या, पाचवी आडवी,
खिळ्यानं ओढलेल्या, कमरेच्या उंचीवर.
मोजल्या. अडतीस.

झिंगरूजींना धरून वर घेतलं.
सपाट फरशीवर अडखळणारा त्यांचा पाय
पायरीवर न बघता पडला.
चष्मा काढून त्यांनी बोट फिरवलं.
"संपाचे दिवस असतील."
थोड्या वेळानं, "नाही. संप एवढा कुठं चालला?"
मग, "कोळशाच्या पाट्या असतील. घाटात फेकलेल्या.
गेटवाल्याची बायको बाळंत झाली होती, ऐन थंडीत."
तुम्ही फेकल्या का?
"मी काऊन फेकू? सरकारी कोळसा तो."
आणि फायरबॉक्सच्या बंद दाराकडे
बराच वेळ पाहत राहिले, आच लागल्यासारखे डोळे बारीक करून.

हेडाऊ साहेब म्हणाले, पुट्टी भरून टाका,
गुळगुळीत दिसलं पाहिजे, मोठे साहेब येणार आहेत.
मी पुट्टी कालवली.
हे काम मला येतं. दुकानं बंद पडली तेव्हा
माझ्याच हाताची अक्षरं माझ्याच हातानं
बुजवली आहेत, रोजानं पैसे घेऊन.
कुणाला कधी विचारलं नाही
की का उठले, कुठं गेले.

पुट्टी डब्यात वाळली.
काळा पातळ केला, टर्पेंटाइन जरा जास्त,
आणि तेवढ्या वीतभर जागेला एकच हात दिला.
लांबून काही दिसत नाही. साहेबांनी पाहिलं, ओके म्हणाले.
बिलातून पुट्टीचे पैसे मात्र मी कमी केले नाहीत.

सव्वीसला शाळेची पोरं आली, झेंडे खिशाला.
कॅबमध्ये धक्काबुक्की, तोंडानं शिट्ट्या.
एका पोरीचा तळवा तिथं अडला.
"ए, इथं काहीतरी आहे."
डोळे मिटून मोजायला लागली. सदतीस म्हणाली.
एक पोट्टा म्हणाला चाळीस.
आणखी कोणी म्हणालं, हट्, हे तर ओरखडे.
वितभर वर माझीच पाटी होती,
माझ्या वळणदार अक्षरात: हात लावू नये.
भांडत भांडत खाली उतरली,
छोट्या गाडीच्या रांगेकडे पळाली.

झिंगरूजी त्या दिवशी आले नव्हते.